सासवण्याच्या अंगणातले नानासाहेब : शिल्पकार करमरकर यांचा जन्मभराचा ध्यास

किनारवाट

मांडवा बंदरावर लाँचमधून उतरून आवास-किहीमच्या दिशेने निघाले की नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर सासवणे हे गाव लागते. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म याच गावात २ ऑक्टोबर १८९१ रोजी झाला आणि त्यांचे येथील घर हेच आज त्यांचे शिल्पालय आहे. कलाजगत त्यांना वि. पां. करमरकर म्हणून ओळखते; आमच्या भागात मात्र त्यांचे नाव नानासाहेब असेच घेतले जाते. मी अलिबाग तालुक्यातील शाळांमध्ये एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी मुलांना घेऊन त्या घरी गेलो. निवृत्तीनंतर बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट नीट मांडावी, म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा काढत आहे.

प्रथम त्यांच्या जीवनाचा प्रवास थोडक्यात सांगतो. कोकणातील अनेक घरांप्रमाणे करमरकरांच्या घरीही चतुर्थीच्या आधी गणपती घडत असे, त्यामुळे मातीची ओळख त्यांना अक्षरांच्याही आधी झाली असावी. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी लहानपणी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस ते पडले. त्यांनी चौकशी केली, मुलाला पाहिले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्याच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. जे. जे. मध्ये लॉर्ड मेयो पदक मिळवून ते बाहेर पडले. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आधाराने कलकत्त्यास जाऊन त्यांनी तेथे स्वतःची कार्यशाळा उभी केली. १९२० मध्ये ते लंडनला रॉयल अकॅडमीत शिकण्यासाठी गेले. परतल्यावर पुन्हा कलकत्ता आणि त्यानंतर मुंबई असा त्यांचा मुक्काम हलला. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या प्रांगणातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले आणि करमरकर हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. पुढे पद्मश्री मिळाली, ललित कला अकादमीचे सन्माननीय सदस्यत्व मिळाले, आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढी माहिती कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे.

सासवण्याच्या त्या घरात शंभरांहून अधिक शिल्पे आहेत. त्यांत थोरामोठ्यांचे अर्धपुतळे आहेत, मान्यवरांच्या मागणीवरून केलेली कामे आहेत. परंतु मुलांना मोकळे सोडले की ती या अर्धपुतळ्यांपाशी थांबत नाहीत. ती म्हशीपाशी थांबतात, कुत्र्यापाशी थांबतात, कोळिणीपाशी थांबतात. एका वर्षी पाचवीतील एक मुलगी, जिच्या घरी गोठा होता, त्या सिमेंटच्या म्हशीजवळ गेली आणि तिने सवयीने तिच्या मानेवरून हात फिरवला. हाताला गारवा लागताच ती दचकून मागे सरली. नंतर वर्गात चित्र काढताना तिने मला विचारले, "सर, त्यांच्याकडे म्हैस होती का?" मी म्हणालो, "होती की नव्हती ते ठाऊक नाही, पण त्यांनी म्हशीजवळ बराच वेळ बसून तिला पाहिले होते, एवढे नक्की."

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे, आणि ते मी येथे स्पष्टपणे मांडतो, की करमरकरांची कीर्ती पुण्याच्या घोड्यावर बसून आली असली तरी त्यांचा खरा जन्मभराचा ध्यास सासवण्याच्या अंगणातच होता. पुतळा हे मागणीचे काम असते. त्याला समिती असते, मुदत असते, वर्गणी असते, अनावरण असते. म्हशीची मागणी कोणी केली नव्हती. डोक्यावर पाटी घेऊन दारावरून जाणाऱ्या कोळिणीचे शिल्प करावे, असे कोणत्याही संस्थानिकाने त्यांना सांगितले नव्हते. लंडनमध्ये मानवी देहाच्या हाडांचा आणि स्नायूंचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून आलेला हा माणूस तीच विद्या कोळिणीच्या खांद्यावर, गड्याच्या पाठीवर आणि गुराच्या मानेवरील वळीवर वापरतो. ब्राँझ नाही, संगमरवर नाही, तर घर बांधायचे साधे सिमेंट घेतो. मला यात त्यांच्या मनाची ओढ कोणत्याही मानपत्रापेक्षा अधिक स्वच्छ दिसते.

ज्यांनी ते घर पाहिले आहे, ज्यांना मूर्तिकामाची किंवा ओतकामाची प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी आपले म्हणणे अवश्य लिहावे. माझे मत चुकत असेल तर तेही सांगावे.

शाडूमाती

धागा वाचून फार समाधान वाटले. आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. आजोबांपासून तिसरी पिढी. वडील मला दहाव्या वर्षी सासवण्याला घेऊन गेले होते आणि त्यांनी तेथे मला एकच गोष्ट दाखवली, ती म्हणजे डोळे. ते येथे सविस्तर लिहितो, कारण आपण ज्या पाहण्याबद्दल बोलत आहात ते मला डोळ्यांतच सापडले.

गणपतीच्या मूर्तीत डोळा रंगाने येतो. साच्यातून काढलेली मूर्ती वाळली, तिच्यावर पांढरा हात बसला, अंगाचा रंग झाला, की शेवटी आखणी होते. आखणी म्हणजे बारीक कुंचल्याने डोळे रेखणे, आणि हे काम कारखान्यात सर्वांना देत नाहीत. माझ्या वडिलांनी मला वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिली आखणी करू दिली. त्याआधी बारा वर्षे मी माती मळली, साचे भरले, हातपाय जोडले, शिवणी घासल्या. कुंचला एक केसभर वर गेला तर देव रागावलेला दिसतो आणि खाली आला तर झोपाळू दिसतो.

करमरकरांच्या शिल्पात रंग नाही. बुबुळ काळे करायची सोय नाही. मग दृष्टी येते कुठून? वडिलांनी माझे बोट त्या कोळी मुलीच्या डोळ्याजवळ, स्पर्श न करता, नेऊन दाखवले की बुबुळाच्या जागी शिल्पकार खोलगट भाग ठेवतो, त्यात वरच्या पापणीची सावली पडते, आणि ती सावली म्हणजेच काळे बुबुळ. सकाळी प्रकाश एका बाजूने आला की नजर एकीकडे जाते, दुपारी ती बदलते. म्हणजे जे काम आम्ही कुंचल्याने करतो ते काम ते उजेडाकडून करून घेत होते. त्या दिवशी घरी परतताना वडील एवढेच म्हणाले, की आपण देव करतो म्हणून आपल्याला माफ आहे. माणूस करायचा तर असे करावे लागते.

किनारवाट यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्यात एक भर घालतो. ज्या घरात गणपती घडतो त्या घरातल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते. आपण केलेले काम दहा दिवसांनी पाण्यात जाणार आहे, आणि तरीही त्याचा कान, त्याची सोंड, त्याचे नख नीट झालेच पाहिजे. विसर्जनाला जाणाऱ्या वस्तूवर जीव लावायची सवय ज्याला लागली, तो पुढे म्हशीवर इतका जीव लावतो यात मला नवल वाटत नाही.

ओतकाम

किनारवाट, आपल्याबद्दल आदर ठेवून मी आपल्या मताला विरोध नोंदवतो. मी चाळीस वर्षे ओतशाळेत काढली आहेत आणि पुण्याचा तो पुतळा 'मागणीचे काम' या दोन शब्दांत बाजूला ठेवलेला मला मान्य होत नाही.

आधी त्या कामाचा आवाका सांगतो. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा आहे आणि तो तुकड्यांत न ओतता एकसंध ओतला गेला. ज्यांनी कधी भट्टीपाशी उभे राहून पाहिलेले नाही त्यांना या वाक्याचे वजन कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्राँझ वितळायला हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. भट्टीतून साच्यात पडल्याक्षणापासून धातू थंड होऊ लागतो. साचा जितका मोठा आणि त्यातल्या वाटा जितक्या लांब, तितकी ही भीती मोठी, की धातू शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे घोड्याच्या कानापर्यंत, लगामापर्यंत, तलवारीपर्यंत, पोहोचण्याआधीच गोठेल. साच्यातली हवा आणि वाफ बाहेर पडायला वाटा ठेवाव्या लागतात; एखादी वाट बुजली तर तेथे पोकळी राहते आणि कधी कधी साचाच फुटतो. तुकड्यांत ओतले तर एक तुकडा बिघडला तरी तेवढाच पुन्हा करता येतो. एकसंध ओतताना मात्र दुसरी संधी नसते. काही मिनिटांत महिन्यांचे काम साधते किंवा भंगारात जाते. त्यातून अश्वारूढ पुतळ्यात सगळा भार घोड्याच्या बारीक पायांवर येतो, म्हणून आतली जाडी, आधार आणि तोल यांचा हिशोब वेगळाच असतो. मुदतही जवळ आली होती. पुतळ्याची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसली होती. ज्यांनी हे स्मारक मनावर घेतले होते ते शाहू महाराज पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी निवर्तले, आणि काम त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात पूर्ण झाले. एवढ्या वर्षांचे आणि एवढ्या लोकांच्या आशेचे ओझे घेऊन जो शिल्पकार एकसंध ओतण्याचा निर्णय घेतो, तो केवळ मागणी पुरवत नसतो.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो मी आपल्याच लेखातून घेतो. राममंदिराच्या भिंतीवर त्या मुलाने काय काढले होते? म्हैस काढली नव्हती, कोळीण काढली नव्हती. शिवाजी महाराज काढले होते. जन्मभराचा ध्यास शोधायचा तर तो पहिल्या रेषेपासून शोधावा लागेल. सासवण्याच्या भिंतीवरचे ते चित्र आणि पुण्याचा पुतळा या दोहोंमध्ये जे. जे., कलकत्ता आणि लंडन येते, पण विषय एकच आहे. मंदिराच्या भिंतीवर काढताना त्या मुलाला घोड्याचा गुडघा कसा वळतो हे ठाऊक नसणार. ते त्याने वीसएक वर्षे शिकून घेतले आणि मग तेच चित्र धातूत पुरे केले, असे मी म्हणेन.

किनारवाट

ओतकाम, आपला प्रतिसाद दोन वेळा वाचला आणि मग संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हाही तोच डोक्यात होता. आपण बरोबर आहात. भिंतीवरच्या चित्राची हकिकत मी इतकी वर्षे मुलांना सांगत आलो, पण ती नेहमी 'कलेक्टरसाहेबांनी गुण हेरला' एवढ्यासाठी सांगितली. त्या चित्राचा विषय पुढे त्यांच्या हातून पूर्णत्वाला गेला, या बाजूने मी कधी पाहिले नाही. 'मागणीचे काम' हे शब्द मी मागे घेतो.

मात्र अंगणाबद्दलचे माझे म्हणणे मी सोडत नाही, थोडे बदलतो. घोडा असो वा म्हैस, त्यांना जनावराचे शरीर मनापासून आवडत होते. महाराजांच्या घोड्याकडे पाहताना आपण स्वाराकडे आधी पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु सासवण्याला जाऊन आल्यावर पुन्हा पुण्याला जावे आणि या वेळी फक्त घोड्याकडे पाहावे. मी पुढच्या महिन्यात जाणारच आहे.

जुनी पडवी

मला शिल्पातले काही कळत नाही, पण रॉथफिल्ड यांच्याबद्दल थोडे लिहिते. ते केवळ महसूल गोळा करणारे अधिकारी नव्हते. त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यासाठीची चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढली. म्हणजे चित्र म्हणजे काय हे समजणारा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहिला, हा योग महत्त्वाचा आहे.

हे वाचताना मला माझा थोरला भाऊ आठवला. आमच्या गावच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर त्याने कोळशाने होडी काढली होती. शिडासकट, नाखव्यासकट, पाण्यातल्या सावलीसकट. दुसऱ्या दिवशी त्याला छड्या मिळाल्या आणि त्याच्याकडूनच भिंतीला चुना लावून घेतला. तो पुढे मुंबईला गिरणीत लागला आणि त्याने पुन्हा चित्र काढलेले मी पाहिले नाही. दादा आता नाही. सासवण्याच्या भिंतीला कोणी लगेच चुना लावला नाही, याबद्दल त्या गावाचे आणि त्या मंदिरातल्या लोकांचे आभार मानावेत असे मला आज फार वाटले.

मोती तलाव

धाग्याचा विषय करमरकर आहेत याचे भान ठेवून, अंगणाच्या मुद्द्याला जोडून एक दाखला देतो. आमच्या सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर हेही जे. जे. मध्येच शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था सुरू केली. हातात दिवा घेऊन, ज्योतीवर हात धरून उभी असलेली त्यांची स्त्री मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आशेचा किरण अशा अर्थाच्या नावाने ती ओळखली जाते आणि पुष्कळ लोक ते चित्र राजा रविवर्मा यांचे समजतात. ते जलरंगातले आहे, हे ऐकले की जाणकारही थक्क होतात, कारण जलरंगात उजेड हा कागदाचा पांढरेपणा राखूनच दाखवावा लागतो. एकदा गडद झाले की परत फिरता येत नाही. ओतकाम यांनी एकसंध ओतण्याबद्दल जे लिहिले, त्याच जातीची ही जोखीम आहे.

पण मी हा दाखला दिला तो दुसऱ्या कारणासाठी. त्या चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी होती. घरातली मुलगी, घरातला दिवा. करमरकरांच्या म्हशीकडे आणि कोळिणीकडे मी याच नजरेने पाहतो. या दोघाही कोकणी माणसांनी मोठ्या शहरात विद्या मिळवली, संस्थानांची आणि प्रदर्शनांची दारे पाहिली, आणि जे काम त्यांच्या हातून सर्वांत जिवंत झाले त्यासाठी नमुना घराच्या उंबरठ्याच्या आतबाहेरच मिळाला.

ओतकाम

मोती तलाव, जलरंगाची तुलना पटली. भट्टीपाशी उभे राहून असा विचार केला नव्हता.

खारा वारा

मी बांधकाम अभियंता आहे आणि बंदरांच्या धक्क्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. येथे सर्वांनी कलेबद्दल लिहिले आहे. मी सिमेंटबद्दल लिहितो, कारण करमरकरांनी ते निवडले यात त्यांचे प्रेम दिसते तशी आपली जबाबदारीही दिसते.

सिमेंटमध्ये शिल्प साधारण असे होते. आधी मातीत मूळ आकार घडवतात. त्यावर प्लास्टरचा साचा घेतात. साचा उघडून, स्वच्छ करून, त्याच्या आतल्या बाजूला सिमेंट आणि बारीक वाळूचा पातळ थर अतिशय काळजीने बसवतात, कारण कातडीवरची प्रत्येक सुरकुती त्याच थरातून येणार असते. मग आत जाड थर, त्यात लोखंडी सळ्या किंवा तारेची जाळी. पुढे कित्येक दिवस पाणी मारून ते पक्के होऊ देतात आणि शेवटी साचा फोडतात. फोडताना छिन्नी एक दोरा आत गेली तरी नाक जाते. भट्टी लागत नाही, मोठा कारखाना लागत नाही, गावातल्या मांडवाखाली हे काम होऊ शकते. शिल्पकाराला आपल्या अंगणात राहून मोठ्या आकाराचे काम करायचे असेल तर याहून सोयीचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे किनारवाट यांचा तर्क मला तांत्रिक बाजूनेही बरोबर वाटतो.

आता अडचण अशी आहे की समुद्रापासून इतक्या जवळ हवेत मीठ असते. ते ओलाव्याबरोबर सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि सळीपर्यंत पोहोचले की लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, म्हणून तो आतून दाब देतो आणि बाहेर केसासारखी बारीक चीर उमटते. त्या चिरेतून पुढच्या पावसाळ्याचे पाणी जाते आणि चक्र वेगाने फिरते. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. धक्क्याचा खांब असेल तर मी खराब भाग फोडून नवे काँक्रीट भरतो. शिल्पाचा गाल फोडून नवा भरता येत नाही.

किनारपट्टीवर ज्यांच्या ताब्यात अशी जुनी सिमेंटची शिल्पे, तुळशीवृंदावने किंवा कमानीवरचे सिंह आहेत त्या सर्वांना माझी विनंती आहे, की त्यांच्यावर ऑइल पेंट फासू नये. तो आतला ओलावा आतच कोंडतो आणि काही वर्षांत पोपडे सुटताना वरचा कोवळा थरही घेऊन जातो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येक वर्षी त्याच जागी उभे राहून, त्याच कोनातून छायाचित्रे काढून ठेवावीत. चीर कोठे सुरू झाली आणि किती वाढली हे त्यातून कळते, आणि तज्ज्ञाला बोलावण्याची वेळ त्यावरून ठरते. छप्पर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम उपाय आहे.

शाडूमाती

खारा वारा यांनी लिहिलेले मी आमच्या कारखान्यातील सर्वांना वाचून दाखवले. आमच्या दारावर आजोबांनी केलेला सिमेंटचा मोर आहे आणि त्याला आम्ही दर दिवाळीला मोठ्या हौसेने रंग देतो. या वर्षीपासून तो देणार नाही. मोराच्या मानेखाली आपण म्हणता तशी चीर आहे. तिचे छायाचित्र आज काढले.

किनारवाट

खारा वारा, आपला प्रतिसाद मी छापून जपून ठेवणार आहे. नानासाहेबांच्या पश्चात त्यांच्या सुनेने आणि कुटुंबीयांनी ते घर आणि ती शिल्पे सांभाळली, येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवली, हे आमच्या तालुक्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. एका कुटुंबाने राहत्या घरात संग्रहालय चालवणे म्हणजे काय, हे आम्ही शिक्षकांनी जवळून पाहिले आहे. चाळीस मुलांची रांग चपला काढून आत शिरते, त्यातली निम्मी हात लावायला धावतात, आणि तरीही त्या घरातून कोणी कधी ओरडलेले मला आठवत नाही.

जुनी पडवी

मला नातवाला घेऊन तेथे जायचे आहे. आम्ही डोंबिवलीला असतो. कसे आणि कधी जावे, हे कोणी सांगेल का? तो नऊ वर्षांचा आहे आणि दिवसभर काही ना काही काढत असतो, बहुतेक भिंतीवरच.

किनारवाट

जुनी पडवी, गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला लाँच सुटतात. सुमारे एका तासात बंदर येते आणि तेथून रिक्षाने सासवणे थोड्याच अंतरावर आहे. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, त्या दिवसांत पेण-वडखळमार्गे रस्त्याने आले तर ते मुलासाठी कंटाळवाणे होते. म्हणून दिवाळीनंतर यावे. सकाळी लवकर पोहोचावे, म्हणजे शाडूमाती यांनी लिहिलेली डोळ्यांतली सावली दिसेल. निघण्याआधी शिल्पालय त्या दिवशी उघडे आहे याची खात्री करून घ्यावी.

नातवाला आत नेल्यावर काही सांगू नये. त्याला आधी त्याच्या मनाने हिंडू द्यावे आणि तो ज्या शिल्पापाशी थांबेल तेथे आपणही बसावे. वही आणि मऊ शिसाची पेन्सिल बरोबर असू द्यावी. खोडरबर मुद्दाम घरी ठेवावे. आपण कळवल्यास मी आपल्याला बंदरावर घ्यायला येईन. आपल्या भावाची होडी मला मनात दिसते आहे. त्याने पाण्यातली सावली काढली होती असे आपण लिहिले आहे. नऊ-दहा वर्षांची मुले ती सहसा काढत नाहीत.

जुनी पडवी

तो त्या वेळी आठ वर्षांचा होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही येतो.